माळ्यावरची सॅक

२०२३ सालच्या गणपतीच्या आधीचा आठवडा. आई सांगलीहून माझ्याकडे पुण्याला आली होती. आई आली की पहिल्या दिवशी स्वयंपाकघराची झडती होते आणि दुसऱ्या दिवशी माळा निघतो, हा आमच्याकडचा ठरलेला प्रोटोकॉल. मी शिडीवर, आई खाली फडकं घेऊन. पुठ्ठ्याचं मखर निघालं, रूम हीटरचं रिकामं खोकं निघालं (वॉरंटी संपली तरी खोकं टाकायचं नाही, हा नियमही आईचाच), आणि त्याच्या मागून एक काळी सॅक निघाली.

"ही कुणाची?"

"मित्राची."

"काय आहे त्यात?"

"लॅपटॉप."

"लॅपटॉप माळ्यावर कोण ठेवतं रे?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आईनेही पुढे विचारलं नाही, पण सॅक पुसून परत माळ्यावर न देता दिवाणावर ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी. दोन दिवस येताजाता ती मला दिसत राहिली.

आता मूळ गोष्ट. मित्र म्हणजे इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतला हॉस्टेलचा पार्टनर. एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री मला लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवणारा. जुलैमध्ये त्याची नोकरी गेली. कागदोपत्री राजीनामा, प्रत्यक्षात द्यायला लावलेला. शेवटचा हिशोब अडकला होता. "साले माझे पैसे देत नाहीत, मग मी लॅपटॉप का देऊ?" हे त्याचं गणित. एका शनिवारी सॅक घेऊन आला. "दोन आठवडे ठेव फक्त. घरी माणूस पाठवतील म्हणून." मी ठेवली. चहा केला, मॅच बघितली, विषय संपला.

सॅकमध्ये एक नाही, दोन लॅपटॉप होते हे मी पाहिलं होतं. कंपनी माणशी एकच देते हे मला माहीत होतं, मीही त्याच धंद्यात आहे. दोन्हींच्या पाठीवरचं ॲसेट टॅगचं स्टिकर खरवडून काढलेलं होतं, नुसता गोंद उरला होता आणि त्याला सॅकच्या अस्तराचे धागे चिकटले होते. हे सगळं बघून मी ती सॅक मखराच्या मागे ठेवली. मागे ठेव असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आई झोपल्यावर मी भारतीय दंड संहिता उघडून बसलो. (इंजिनीअर माणूस आजारी पडला की डॉक्टरआधी गूगलकडे जातो, तसंच हे.) चोरीचा माल घेण्याचं कलम ४११ सगळ्यांनी ऐकलेलं असतं, निदान पोलिसांच्या बातम्यांमधून. त्याच्या पुढे तीन घरं सोडून एक कलम आहे, ४१४, ते मी तरी कधी ऐकलं नव्हतं. चोरीचा माल लपवायला, विल्हेवाट लावायला किंवा पसार करायला मदत करणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, माल घेणाऱ्याची तीन, लपवायला मदत करणाऱ्याचीही तीन. कायद्याने तिघांना एकाच बाकावर बसवलं आहे. आणि ४११ काय, ४१४ काय, दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र.

दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक फरक दिसतो. ४११ मध्ये "अप्रामाणिकपणे" हा शब्द आहे. म्हणजे माल घेणाऱ्याचा हेतू खोटा असला पाहिजे, कुणाला तरी गैरफायदा किंवा कुणाचं तरी नुकसान हे त्याच्या मनात असलं पाहिजे. ४१४ मध्ये तो शब्दच नाही. तिथे आहे "स्वेच्छेने". आमच्या भाषेत, इफच्या कंसातली एक अटच काढून टाकली आहे. तुम्हाला त्यातून एक रुपया मिळाला का, मिळावा असं वाटत होतं का, हे तिथे कुणी विचारत नाही. तो माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, आणि तरी तुम्ही आपल्या राजीखुशीने मदत केलीत, एवढं पुरे.

"पण मला त्यातून काय मिळालं?" हा माझा मनातल्या मनातला बचाव इथेच गळून पडला.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण कंपनीचा लॅपटॉप म्हणजे चोरीचा माल कसा? त्याने तो कुलूप फोडून थोडाच आणला? हाच प्रश्न मी माझ्या मामेबहिणीला विचारला. ताई कोल्हापूरला वकिली करते आणि फोनवर फी घेत नाही. ती म्हणाली, कायद्यात चोरीचा माल म्हणजे फक्त चोरलेला माल नव्हे. खंडणी, जबरी चोरी, लाटलेली वस्तू, आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर गिळणं, ज्याला फौजदारी न्यासभंग म्हणतात, ते सगळं त्यात येतं. "त्याचा स्वतःचा लॅपटॉप त्याने थकलेल्या पगारापोटी अडकवून ठेवला असेल तर त्यावर कोर्टात वाद घालता येईल," ती म्हणाली, "पण दुसऱ्याचं काय? तो कुणाच्या पगारापोटी?"

आता १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. ४१० ते ४१४ ही सगळी मंडळी तिथे एकाच ३१७ व्या कलमात राहायला गेली. लपवायला मदत करणं हे त्यातलं पाचवं पोटकलम. शब्द जवळपास तेच, शिक्षा तीच. एक महत्त्वाची भर मात्र पडली: चोरीच्या मालाच्या व्याख्येत आता फसवणुकीने मिळवलेली मालमत्ताही आली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्या वयाच्या लोकांसाठी हाच बदल सगळ्यात मोठा आहे. त्यावर थोड्या वेळाने येतो.

आधी त्या "मानायला कारण" बद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. कायद्याची अपेक्षा नुसत्या संशयाची नाही. पुरेसं कारण हवं. आणि कोर्टं इथे ढिलाई करत नाहीत. १९५४ साली छापून आलेला त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही सांगितला जातो. ४११ साठी माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याच्याआधी तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात होता आणि तो चोरीचा असल्याचं आरोपीला ठाऊक होतं, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं. त्या खटल्यात दागिने एका शेतातून निघाले होते. शेत उघडं, कुणीही यावं-जावं असं, मग ताबा आरोपीचाच होता हे कसं म्हणायचं, असा न्यायालयाचा सवाल होता. (माझा माळा काही उघडं शेत नव्हता, ही गोष्ट वेगळी.) २०२२ मध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यातही न्यायालयाने माल स्वस्तात विकला एवढ्यावरून तो चोरीचा असल्याचं माहीत होतं असं धरायला नकार दिला.

दुसऱ्या बाजूला पुरावा कायद्याचं जुनं कलम ११४ होतं, त्याचंच नव्या साक्ष अधिनियमात कलम ११९ झालं. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याकडे सापडला आणि ज्याला तो कुठून आला हे सांगता येत नाही, तो एक तर चोर किंवा जाणूनबुजून घेणारा, असं न्यायालय धरू शकतं. त्या कलमातच एक छान उदाहरण आहे. दुकानदाराच्या गल्ल्यात चोरीला गेलेला खुणेचा रुपया सापडतो. तो कुणी दिला हे त्याला सांगता येत नाही, पण त्याच्याकडे दिवसभर रुपये येतच असतात. तर हेही लक्षात घ्या, असं कायदा न्यायाधीशाला सांगतो. १८७२ सालच्या माणसांनी किराणा दुकानदाराची एवढी काळजी घेतली याचं मला फार कौतुक वाटलं.

पण माझा माळा म्हणजे गल्ला नव्हे. माझ्याकडे दिवसभर लॅपटॉप येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यासारख्या शिकलेल्या, महिन्याला नीट पगार घेणाऱ्या लोकांच्या बाबतीत "मी विचारलंच नाही" हा बचाव न मानणारा कायदा बरोबर आहे. आपण विचारत नाही कारण आपल्याला उत्तर माहीत असतं. हापिसात एखाद्या लायब्ररीचं लायसन्स काय आहे हे न बघता कोड ढकलणाऱ्या पोराला मी स्वतः रिव्ह्यूमध्ये झापतो. "मला माहीत नव्हतं" म्हणाला तर "बघितलं का नाहीस?" विचारतो. मग मैत्रीत माझा तो रिव्ह्यूअर कुठे जातो? तिथे भीड येते. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, इथे ती चोराची मावशी होते. विचारणं म्हणजे मित्रावर संशय घेणं, आणि संशय घेणं म्हणजे कोतेपणा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. त्याने मला लाप्लास शिकवला होता. मी त्याला बिल मागू?

याच्या विरुद्ध बाजूला एक खरा मुद्दा आहे आणि तो मला सोडता येत नाही. कायदा लिहिलाय एक आणि वापरला जातो दुसऱ्यावर. चोर पळतो, माल मात्र कुठेतरी सापडतोच, आणि ज्याच्याकडे सापडतो त्याचा पत्ता कायम असतो. दुकान असतं, घर असतं, लेकरंबाळं असतात. सराफांची ४११ बद्दलची तक्रार फार जुनी आहे: चोर पोलिसांसमोर कुणाचंही नाव घेतो आणि दुकानदाराने पावती दाखवली तरी सोनं जमा करून घेतात. तीच गत भंगारवाल्याची आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्यांनीच काढली असावी असं वाटतं. नव्या कायद्यात तर एक गंमतच झाली आहे. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. कैद नाही. चांगली गोष्ट आहे. पण ही सवलत चोरीच्या ३०३ व्या कलमात आहे, ३१७ मध्ये नाही. म्हणजे चार हजारांचा मोबाइल चोरणारा पोरगा बाग झाडून सुटू शकतो आणि तो मोबाइल रात्रभर डब्यात लपवणारा त्याचा भाऊ मात्र तीन वर्षांच्या कलमात. हे मला मुळीच पटत नाही. न्यायाधीशाला नुसता दंड करता येतो हे खरं, पण जी दारं चोराला उघडली ती मदतनीसालाही उघडायला काय हरकत होती?

आणखी एक विसंगती. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात नवरा-बायकोला सूट आहे. पळून आलेल्या नवऱ्याला बायकोने घरात लपवलं तर त्या कलमाखाली ती गुन्हेगार नाही. पण त्याच नवऱ्याने आणलेली पिशवी तिने जाणूनबुजून पिठाच्या डब्यात लपवली, तर ४१४ मध्ये अशी सूट नव्हती, ३१७ मध्येही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं. नंतर उलटं वाटायला लागलं. माणूस लपवताना आपण आपलं माणूस वाचवत असतो. वस्तू लपवताना ती दुसऱ्या कुणाची तरी असते आणि तो तिकडे तिची वाट बघत असतो. सूट नको, हे मला पटतं. पण एका खोलीच्या घरात नवऱ्याला "नाही" म्हणणं हे माझ्या टू बीएचकेमध्ये मित्राला "नाही" म्हणण्याइतकं सोपं नाही, आणि "स्वेच्छेने" हा शब्द तिला लावताना आणि मला लावताना एकच फूटपट्टी असू नये. त्या बाईला जिथे संशयाचा फायदा मिळावा, तिथे मला मिळू नये.

आता ती फसवणुकीची भर. हल्ली कॉलेजच्या पोरांना आणि नवीन नोकरदारांना विचारणा होते, "तुझं अकाउंट आठवडाभर वापरायला दे, पाच हजार देतो." किंवा पैसेही नाही, नुसतं "यार माझं अकाउंट फ्रीज झालंय, तुझ्यात पैसे येतील, काढून दे." कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी डिजिटल अटकेच्या धमकीने काढून घेतलेली असते आणि ती अशा आठ-दहा खात्यांतून फिरत जाते. बँकवाले याला म्यूल अकाउंट म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. हे खातं म्हणजे आजचा माळाच. जुन्या कायद्याच्या व्याख्येत फसवणुकीचा पैसा बसत नसे, आता बसतो. म्हणजे एटीएममधून ती रक्कम काढून देणारा आणि पोतं पाठीवर घेऊन नेणारा यांच्यात कायद्याला फरक दिसायचं कारण नाही. "मला वाटलं त्याचे बिझनेसचे पैसे असतील" असं म्हणणाऱ्याला कुणीतरी विचारणारच, की मग त्याने बिझनेससाठी स्वतःचं खातं का नाही वापरलं?

आमच्या धंद्यातली मदत तर आणखी स्वच्छ दिसते. कुणी लॉक काढून देतो, कुणी आयएमईआय बदलून देतो. "मी फक्त सॉफ्टवेअरचं काम केलं." आयएमईआयशी छेडछाड करायला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. चोरीचा लॅपटॉप किंवा मोबाइल अप्रामाणिकपणे घ्यायला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ब हे वेगळं कलम आहे, तेही तीन वर्षांचंच. हे तीन वर्षं प्रकरण आपल्या कायदेमंडळाला फार आवडतं असं दिसतं :-)

हो, आणि एक गोष्ट. साध्या चोरीची माहिती पोलिसांना देणं सामान्य नागरिकावर कायद्याने बंधनकारक नाही. ज्या गुन्ह्यांची खबर द्यावीच लागते त्यांची एक यादी आहे, त्यात साधी चोरी नाही. म्हणजे मला मित्राविरुद्ध तक्रार करायला कुणी भाग पाडत नव्हतं. मी "नको, माझ्याकडे नको" म्हणून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कायद्याची माझ्याकडून अपेक्षा तेवढीच होती.

असो. गणपती झाले, आई सांगलीला गेली, सॅक दिवाणावरच राहिली. दहा-बारा दिवसांनी मित्राचा फोन आला.

"अरे, तुला बायॉसचा पासवर्ड उडवता येतो ना? आणि तो कंपनीचा लॉक असतो तो? दोन्ही फॉरमॅट मारून दे ना. एक गिऱ्हाईक मिळालंय."

येतो मला. तासाभराचं काम आहे. मी म्हणालो, "नाही जमणार. आणि ती सॅक पण घेऊन जा."

"का? काय झालं?"

"घरात नको मला."

रविवारी आला. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाला. "तुझ्या नावावर काही येणार नव्हतं," म्हणाला. मग जाता जाता दारात, "दोन लॅपटॉपसाठी, यार?" मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाला केक टाकणं एवढंच उरलं आहे.

मी मोठ्या अभिमानाने ताईला फोन केला. सुटलो म्हटलं.

"थांब," ताई म्हणाली. "तू सॅक परत त्यालाच दिलीस?"

"मग कुणाला देणार?"

"ज्यांची आहे त्यांना. व्याख्येचं शेवटचं वाक्य वाचलं नाहीस का? ज्याचा हक्क आहे त्याच्या ताब्यात परत गेला की मग तो माल चोरीचा राहत नाही. तोपर्यंत दहा हातांतून फिरला तरी चोरीचाच."

"अगं, त्याच्या कंपनीच्या गेटवर मी कसा जाऊन..."

"ते कळतंय मला. गिऱ्हाईक मिळालंय असं तो तुला सांगून गेला होता ना?"

मी गप्प.

"मग पुढे काय केलं त्याने त्यांचं?"

"माहीत नाही."

"विचारलंस?"

नाही. अजूनही नाही.